पवनेच्या काठी कुठली बोट घ्यावी?

बाणेरच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. पवना धरणाच्या काठी त्यांची जागा आहे. स्वतः दुबईत असताना आठ वर्षं वॉटर स्की केलंय, आता लेकीला वेकबोर्डचं (बोटीमागे एका फळीवर उभं राहून लाटेवरून उड्या मारायचं) वेड लागलंय. दोन बोटी पाहून ठेवल्यात. एक मुंबईकडची वापरलेली इनबोर्ड, म्हणजे इंजिन पोटात असलेली, वेकबोट: व्ही-ड्राइव्ह, २००६ चं मॉडेल, मीटरवर ७०० तास, वर टॉवर, पोटात पाण्याच्या टाक्या. दुसरी नवी कोरी एकोणीस फुटी फायबरची, मागे बाहेर टांगलेलं ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. यातली कुठली घेऊ, आणि इनबोर्ड हाताळायला अवघड असते म्हणतात ते कितपत खरं?

आधी उत्तर देऊन टाकतो. दुसरी घ्या. पहिली वाईट आहे म्हणून नव्हे. लेकीला विचाराल तर ती पहिलीच मागेल, आणि लाटेपुरतं तिचं बरोबरच असेल. पण ती बोट काँक्रीटचा उतार, तरंगता धक्का आणि वर्षभर एका पातळीला राहणारं तळं गृहीत धरून बनवलेली आहे. आपल्याकडे यातलं काहीच नाही. तुमच्या जागेपासून पाणी ऑक्टोबरात किती लांब होतं आणि मेमध्ये किती, हे एकदा पावलांनी मोजा. पावसाळा संपताना झाडाच्या बुंध्याला लागलेलं पाणी उन्हाळ्यात दोन-तीनशे पावलं खाली गेलेलं असतं, आणि मधे नुसता गाळ. वरून भेगाळलेला, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. त्यातून ट्रेलरसकट अडीच टन ओढायचं म्हणजे फोर-बाय-फोर गाडीही रुतते आणि मग गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. आम्ही बोलवलाय. दोनदा.

आउटबोर्डची बोट त्याच काठावर निम्म्या वजनात उतरते. शिवाय बटण दाबलं की मशीन वर उचललं जातं आणि गुडघाभर पाण्यातून बोट हातांनी ढकलत खोल पाण्यात नेता येते. इनबोर्डचा पंखा, शाफ्ट आणि रडर (सुकाणू) बोटीच्या पोटाखाली कायमचे लटकलेले. दोन-सव्वादोन फूट पाणी लागतंच, आणि ते वर घ्यायची सोय नाही.

आता या बोटींतला फरक, कारण विकणारा माणूस सगळ्यांनाच ‘स्पीडबोट’ म्हणतो. खरी स्की बोट म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह. इंजिन बोटीच्या बरोबर मध्यावर, तिथून सरळ शाफ्ट मागे पंख्याकडे, आणि दोरी बांधायचा खांबही इंजिनाच्या पुढ्यातच. बोट जिथून वळते त्या बिंदूजवळ दोरी बांधलेली असल्यामुळे स्कीअर कितीही जोरात बाजूला गेला तरी बोटीची शेपूट ओढली जात नाही. तळ सपाटीकडे झुकणारा, वजन कमी. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे तिच्यामागे लाट जवळपास नसतेच, आणि स्कीला तेच हवं असतं. स्लॅलमच्या (नागमोडी वळणं घेत जायच्या) २५९ मीटरच्या कोर्समध्ये सहा बॉय, म्हणजे तरंगते गोळे, असतात, मध्यरेषेपासून साडेअकरा मीटरवर. पुरुषांसाठी कमाल वेग ५८, महिलांसाठी ५५. त्या वेगात लाटेवरून उडी बसली की पुढचा बॉय गेलाच.

वेकबोर्डचं गणित नेमकं उलटं. वेग ३० ते ३७, आणि लाट जितकी उंच आणि टोकदार तितकी मजा. म्हणून इंजिन अगदी मागे नेलं, उलट्या दिशेने बसवलं आणि शाफ्टला इंग्रजी व्हीसारखा पीळ देऊन परत पोटाखालून काढला. हीच तुमची व्ही-ड्राइव्ह. मागे वजन, त्यात टाक्यांमध्ये पाणी, आणि दोरी उंच टॉवरला, म्हणजे उडी मारणाऱ्याला वरून ओढ मिळते. लिटरला किलो या हिशेबाने चारशे लिटर पाणी म्हणजे चार जाडजूड काका मागच्या बाकावर बसवल्यासारखं. नव्या बोटी तर हजार-दीड हजार किलो पाणी पोटात घेतात.

तुम्हाला स्की आणि लेकीला वेकबोर्ड, म्हणजे एका बोटीकडून दोन विरुद्ध कामं. अशा वेळी हलकी बोट घेऊन हवं तेव्हा तिला जड करणं सोपं. जड बोट हलकी करता येत नाही. एकोणीस फुटीमागे तुमची ५० च्या वेगाची लाट चालण्यासारखी असेल, लेकीच्या वेळी मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाण्याच्या पिशव्या भरा. प्रत्येकी दीडशे किलोच्या वर जाऊ नका, आणि बोटीवरच्या क्षमतेच्या पट्टीवर जो आकडा आहे त्यात ते वजन माणसांसकट धरा. मागे वजन असताना थ्रॉटल एकदम बंद केलं तर स्वतःचीच लाट मागून येऊन आत घुसते. हे एकदा घडलं की जन्मात विसरत नाही. थ्रॉटल मोजून तीन टप्प्यांत खाली आणायचं.

दोरी मात्र मागच्या कड्यांना बांधू नका. तुमच्यासारखा वजनदार स्कीअर बाजूला झेपावला की बोटीची शेपूट त्याच्या दिशेने ओढली जाते आणि ड्रायव्हर सगळा वेळ स्टिअरिंगशी कुस्ती खेळत बसतो. उंच स्की-पोल किंवा टॉवर बसवून घ्या. त्या टॉवरला रबरी ट्यूब कधीही बांधू नका, ट्यूब पाण्यात खुपसली की वर येणारा झटका टॉवरच्या सांध्यांना सोसत नाही. स्कीची मोजलेली दोरी १८.२५ मीटरची असते. वेकबोर्डला साधारण २० ते २२ मीटरवर सुरुवात करा आणि लाटेचा निमुळता भाग कुठे आहे ते पाहून कमी करत या. नवशिक्याला लांब दोरी दिली की दोन लाटांमधलं अंतर इतकं मोठं होतं की बिचारी मुलगी ती पार करण्यातच दमते.

आणि एक गोष्ट लेकीला आधीच सांगून ठेवा: आउटबोर्डमागे वेकसर्फ नाही. वेकसर्फमध्ये माणूस दोरी सोडून बोटीच्या मागे दोन-तीन मीटरवर लाटेवर उभा असतो, आणि आउटबोर्डचा पंखा तिथेच, बोटीच्या बाहेर, उघडा फिरत असतो. इंटरनेटवर कोणी करताना दिसला तरी नाही. इनबोर्डमध्येही इंजिन चालू असताना पोरांना मागच्या फळीवर बसू देऊ नये. कमी वेगात एक्झॉस्टचा धूर तिथेच गोळा होतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता हाताळणी. इनबोर्ड अवघड म्हणतात ते अर्धं खरं. पुढे जाताना इनबोर्डइतकी सरळ रेषेत चालणारी बोट नाही. पंख्याचं पाणी थेट रडरवर आदळतं, म्हणून थ्रॉटलचा जरासा झटका दिला तरी मागचा भाग पटकन फिरतो. गडबड होते ती रिव्हर्समध्ये. रिव्हर्सला पंखा पाणी पुढे फेकतो, रडरला काहीच मिळत नाही, आणि स्टिअरिंग तुम्ही डावीकडे फिरवा नाहीतर उजवीकडे, बोट तुमचं ऐकत नाही. तिला जायचं त्या बाजूलाच तिची शेपूट सरकते. कुठल्या बाजूला, ते पंख्याच्या फिरण्यावर अवलंबून: मागून पाहताना पुढे जाताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा असेल तर रिव्हर्समध्ये मागचा भाग डावीकडे, उलटा असेल तर उजवीकडे. पुस्तकात शोधत बसू नका. बोट धक्क्याला बांधा, रिव्हर्स टाका, मागे वाकून पाहा. ज्या बाजूने फेसाळ पाणी जास्त वर येतंय, त्याच्या उलट बाजूला शेपूट जाणार.

हे कळलं की तोच दोष कामाला येतो. शेपूट उजवीकडे जात असेल तर धक्का नेहमी उजव्या हाताला घ्यायचा. तीस अंशांच्या तिरकस कोनात यायचं, गिअर आत-बाहेर करत, चालत्या माणसाच्या वेगाने. नाक धक्क्यापासून हातभर राहिलं की स्टिअरिंग बाहेर वळवायचं आणि एक छोटा रिव्हर्स. वेगही मरतो आणि मागचा भाग आपोआप धक्क्याला येऊन चिकटतो. बघणाऱ्याला जादू वाटते. पहिल्या वीस वेळा मात्र चुकणार, म्हणून टायर बांधून ठेवा.

आउटबोर्डचं तसं नाही. अख्खं मशीनच वळतं, त्यामुळे रिव्हर्समध्येही बोट ऐकते. पण न्यूट्रलमध्ये टाकलं की तिला सुकाणूच उरत नाही, आणि हलकी असल्यामुळे वाऱ्यावर पत्रावळीसारखी जाते. पवनेला दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो. तेव्हा धक्क्याकडे येताना वाऱ्याच्या तोंडावर या, पाठीवर वारा घेऊन नव्हे. तसंही सकाळी साडेसहा ते नऊ हीच स्कीची वेळ. पाणी काचेसारखं असतं आणि वीकेंडचे तंबूवाले अजून झोपलेले असतात.

ते काचेसारखं पाणी टिकवणं ड्रायव्हरच्या हातात आहे, आणि नव्वद टक्के हौशी ड्रायव्हर तिथेच माती खातात. स्कीअर पडला की लोक सिनेमातल्यासारखी गर्रकन बोट वळवून त्याच्याकडे धावतात. त्या वळणाच्या लाटा दोन्ही काठांना आपटून परत येतात आणि पुढची पंधरा मिनिटं पाणी खडबडीत. पडलेला माणूस हात वर करून ठीक असल्याची खूण करतो, जॅकेटवर तरंगतो, त्याला घाई नसते. आधी थ्रॉटल खाली, बोट पाण्यात बसू द्या, मग सावकाश वळा, आलात त्याच रेषेने परत जा. माणूस कायम ड्रायव्हरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे तो नजरेआड होत नाही. बोटीत घ्यायचा असेल तर इंजिन बंद. न्यूट्रल नव्हे, बंद. आणि मागे तोंड करून बसलेला दुसरा माणूस बोटीत असल्याशिवाय कोणालाही ओढायचं नाही, ड्रायव्हरचं लक्ष पुढेच हवं.

ओढताना तुम्हाला आणि लेकीला वेगळं थ्रॉटल लागेल. एका स्कीवर खोल पाण्यातून उठणाऱ्याला ठाम, सलग ओढ हवी. वेकबोर्ड पाण्यात आडवा असतो, त्याला झटका दिला तर मुलीच्या हातातून दांडा सुटतो. हळू, जणू कणकेचा गोळा ताटातून उचलताय, आणि बोर्ड पाण्यावर आला की मग वेग.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो, कारण ती तुमच्या निर्णयाशी जोडलेली आहे. माझ्याकडे काही वर्षं डायरेक्ट ड्राइव्ह होती, पानशेतकडे ठेवायचो. मे महिना, पाणी तळाला. डिसेंबरपासून ज्या रेषेत स्की करत होतो त्याच रेषेत निघालो आणि खालून ‘टण्’ असा आवाज आला. धरणाखाली गेलेल्या वस्तीची जोती, बांध, विहिरींचे कठडे हे सगळं तिथेच असतं, फक्त आपण त्याच्यावर तीस फूट पाणी आहे असं धरून चालतो. पंख्याचं एक पातं दुमडलं. मी मूर्खासारखा बोट तशीच थरथरत काठाला आणली, त्यात शाफ्टही वाकला. मुंबईकडच्या एका दुरुस्तीवाल्याने नवा शाफ्ट बसवून दिला, पण इंजिनाच्या कपलिंगची (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांची) जुळणी बोट ट्रेलरवर असतानाच केली. फायबरची बोट पाण्यात बसली की जराशी आकार बदलते. ही जुळणी पाण्यातच करायची असते, दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने चारही बाजूंना मोजून. फरक ०.०८ मिलिमीटरच्या वर नको. दोन महिन्यांत शाफ्टचं रबरी बेअरिंग गेलं. शेवटी भोसरीतल्या एका लेथवाल्याने, ज्याने आयुष्यात बोट पाहिली नव्हती, शाफ्ट डायल गेजवर फिरवून दाखवला आणि मला दोष कुठे आहे ते समजावलं. आउटबोर्डला तसाच दगड लागला असता तर बहुधा पंख्याच्या आतलं रबरी बुश फिरलं असतं, नवा पंखा पाण्यात उभं राहून अर्ध्या तासात लावला असता. एक जादा पंखा, नट आणि पिन बोटीतच ठेवा.

खर्चाचं थोडक्यात. भरलेली वेकबोट तासाला वीस-पंचवीस लिटर पेट्रोल सहज पिते, आणि नव्या बोटीच्या किमतीत जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के धरा. पेट्रोलपेक्षा मला काळजी वाटते ती त्यातल्या इथेनॉलची. पंपावर आता २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल मिळतं, आणि बोटींच्या बहुतेक इंजिनांची पुस्तकं १० टक्क्यांच्या वर नको म्हणतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पुरेसं झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, आणि इंजिनाची नळी तळातूनच ओढते. दहा मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावून घ्या आणि महिन्यातून एकदा त्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून उजेडात धरा. दोन थर दिसले तर सगळी टाकी रिकामी करायची. घेण्याआधी इंजिन किती टक्के मिश्रणाला चालतं ते कंपनीकडून लेखी घ्या. पावसाळ्याआधी टाकीत पेट्रोल ठेवायचंच नाही.

उंचीचाही परिणाम होतो. पवना, पानशेत, मुळशी ही सगळी पाणी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. तिथे इंजिनाची सहा-सात टक्के ताकद कमी पडते. मुंबईला बसवलेला पंखा इथे जड वाटतो. सगळी माणसं आणि पिशव्या भरून पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कितीवर जातात ते पाहा. पुस्तकात ५००० ते ६००० लिहिलंय आणि तुम्ही ४७०० वर अडकलात तर दोन इंच कमी पिचचा (एका फेरीत पंखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर म्हणजे पिच) पंखा लावा. इंचामागे दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात.

पावसाळ्यात बोट पाण्यात बांधून ठेवायचा मोह होईल. हिशेब करून पाहा. एकोणीस फुटी बोटीचं उघडं क्षेत्रफळ बारा चौरस मीटर धरा. मावळात जुलैमध्ये एका दिवसात १०० मिलिमीटर पडणं नवलाचं नाही, म्हणजे बाराशे लिटर, जवळपास सव्वा टन, एका दिवसात. तळातला बिल्ज पंप ते उपसतो, बॅटरी उतरेपर्यंत. जूनच्या पहिल्या आठवड्यात बोट बाहेर, तळाचं बूच काढलेलं, नाक उंच, वर उतरती ताडपत्री. बूच स्टिअरिंगलाच बांधून ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात ते लावायचं विसरून बोट पाण्यात सोडाल. हसू नका. उंदरांसाठी वायरिंगच्या तोंडाशी बारीक जाळी लावा, मावळातल्या उंदरांना वायरच्या आवरणाचं भारी प्रेम.

कागदपत्रं बोटीच्या आधी. काठाला जमीन आपली असली तरी पाणी आपलं नसतं. पवना, पानशेत ही जलसंपदा खात्याची, मुळशी टाटा पॉवरची. खडकवासल्याचा विचारही नको: शहराचं पिण्याचं पाणी, आणि एका बाजूला एनडीएचा (लष्करी प्रबोधिनीचा) पीकॉक बे. पवनेचं पाणीही पिंपरी-चिंचवड पितं, हे लक्षात ठेवून अर्ज करा. शिवाय १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, त्यात बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा आला. लेखी परवानगी हातात येईपर्यंत कोणालाही टोकन देऊ नका.

एवढं वाचूनही मन त्या २००६ च्या वेकबोटीत अडकलं असेल, तर निदान बघायला तरी नीट जा. मुंबईकडची म्हणजे ती खाऱ्या पाण्यात चाललेली. पहिला प्रश्न: इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी थेट आत फिरतं, की कूलंटचं वेगळं सर्किट आहे? थेट असेल आणि एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारे नळ) मूळचेच असतील तर ते आतून गंजलेले समजा. फुटले की पाणी सिलिंडरमध्ये. डिपस्टिक काढा, ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर तिथूनच परत फिरा. शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवा, खडखडला तर बेअरिंग गेलंय. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर उघडून दाखवायला सांगा, त्याचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा कुठे गेला हे विचारा, कारण तो कूलरच्या तोंडाशी अडकून बसलेला असतो. मीटरवरच्या ७०० तासांवर फार जाऊ नका. दरवर्षी चाळीस तास चाललेली बोट सहा वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या बोटीपेक्षा कधीही बरी.

आणि मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, थंड इंजिन कसं सुरू होतं तेच पाहायचंय. पोहोचल्यावर बोलण्याआधी इंजिनाचं झाकण उघडून मॅनिफोल्डवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या आणि पुण्याला परत या.